वळायला जागा

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका वस्तीवर मी आशाताईंच्या मागोमाग घरोघर फिरत होते. एका घरी सहावा महिना चालू असलेली सून भाकऱ्या थापत बसली होती. ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "गोळ्या घेतेस ना गं?" "घेते की." उत्तर इतक्या चटकन आलं की ताईंना शंका आली. "दाखव बरं." सुनेने पिठाचे हात परातीत झटकले आणि फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत रेशनकार्ड, सुईदोरा, माता-बाल संरक्षण कार्ड आणि रबर लावून नीट ठेवलेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या. एका पट्टीतल्या चार गोळ्या तेवढ्या कमी होत्या. ताई रागवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात ती म्हणाली, "सिस्टरनी सांगितलंय, जेवल्यावर घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. आता माझं जेवण कधी व्हायचं ते मला तरी कुठं ठाऊक असतं?"

त्या घरात आधी सासरे, नवरा आणि दीर जेवत. मग पोरं, मग सासूबाई. सगळं आवरून, भांडी घासून ही ताटावर बसे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असत आणि टोपल्यात उरलं असेल ते तिचं. दिवसभर तिच्या पोटात जायचा तो चहा. म्हणजे तिने नियम मोडला नव्हता. नियम पाळायची वेळच तिच्या दिवसात कुठे येत नव्हती. उपकेंद्राच्या रजिस्टरात मात्र तिच्या नावापुढे गोळ्या दिल्याची नोंद चोख होती.

"कळतं पण वळत नाही" हे वाक्य आपल्याकडे अशा बायकांबद्दल फार सहज वापरलं जातं. दवाखान्यात, बैठकांत, अहवालांतसुद्धा. कळणं आपल्या हाती, वळणं तिच्या हाती, आणि वळली नाही तर दोष तिचा, असा त्यातला हिशोब असतो. गरोदरपणातल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवरचं हे पुस्तक तो हिशोब नव्याने मांडतं. बाईला कळलेलं असतं, पण वळायला जागा लागते. ती जागा घरात, शेतात, दवाखान्यात आणि गावात कोण अडवून बसलं आहे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकासाठी आधी थोडं पायाचं. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त वाढतं, वार आणि बाळ वाढतं, आणि या सगळ्यासाठी नऊ महिन्यांत मिळून साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. ऐकायला ते चिमूटभर वाटतं. पण आपल्या भाकरी-भाजीतलं लोह शरीर फार थोडं शोषून घेतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर त्याहून कमी. मुळात साठा भरलेला असेल तर बाई निभावून नेते. पण पाळीतला रक्तस्राव, अपुरं जेवण, लहान वयातलं लग्न आणि लागोपाठची बाळंतपणं यांमुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुली रिकाम्या कोठारानिशीच गरोदर राहतात. रक्तातलं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेलं की गरोदर बाईला रक्तक्षय आहे असं धरलं जातं, आणि 7 च्या खाली गेलं की तो तीव्र. अशा बाईला बाळंतपणात इतरांना सोसेल तेवढा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो, तो वेगळा. फॉलिक ॲसिड रक्तपेशी घडवायला लागतं. शिवाय बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतात ती नीट मिटायलाही तेच लागतं. ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळायच्याही आधी.

म्हणून सरकारी कार्यक्रमात आज सांगितलं जातं ते असं: पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक लाल गोळी, रोज, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गोळी फुकट आहे. ती काम करते हे सिद्ध झालेलं आहे. तरी 2019 ते 21 मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे, आणि 180 दिवस किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या आया होत्या 26 टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की विषयाचं मर्म दिसतं. बाळंतपणाला दवाखाना गाठणं ही एका दिवसाची गोष्ट आहे. त्या दिवशी सगळं घर हलतं, गाडी निघते, पैसे उभे राहतात. गोळी ही 180 दिवसांची गोष्ट आहे आणि त्यासाठी घरातलं पानसुद्धा हलत नाही. ते काम तिचं एकटीचं.

या विषयाचा इतिहास आपल्या घराजवळून सुरू होतो. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आली ती कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणात दिसणारा एक जीवघेणा रक्तक्षय अभ्यासायला. हाफकिन संस्थेत तिचं काम चाललं. तिने रक्त तपासलं, तसंच या बायका काय खातात, कशा घरांत राहतात याचाही शोध घेतला. आजार गरिबीच्या ताटात आहे अशी तिची खात्री पटत गेली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या स्वस्तातल्या मार्माइटने, या बायका सुधारतात हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला पुढे काही काळ 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा केला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज जगभर गरोदर बायकांना जी गोळी दिली जाते तिच्या अर्ध्या भागाचा उगम असा गिरणगावातल्या बायकांच्या अशक्तपणात आहे. आणि त्या उगमापाशीच ताटाचा आणि चाळीचा विचार होता, ही गोष्ट नंतरच्या काळात पुरती विसरली गेली.

स्वातंत्र्यानंतर 1970 मध्ये राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईला शंभर दिवस शंभर गोळ्या, असं त्याचं रूप होतं. त्याच वर्षी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने वेगळीच वाट धरली. गावानेच निवडलेली, बहुतेक वेळा निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातली बाई गावाची आरोग्यसेविका झाली. ती दुपारी बायकांत बसायची, कोण किती जेवतं ते तिला माहीत असायचं, आणि सासूशी बोलायची हिंमत तिच्यात हळूहळू यायची. दिल्लीचा कार्यक्रम गोळ्या मोजत होता, जामखेडची बाई घरं ओळखत होती. एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटा पुढची पन्नास वर्षं शेजारून चालल्या, पण क्वचितच एकमेकींना मिळाल्या.

राष्ट्रीय कार्यक्रमाचं ऐंशीच्या दशकात मूल्यमापन झालं तेव्हा पुरवठा तोकडा आणि पाठपुरावा ढिला हे उघड झालं. 1991 च्या सुमारास गोळीतलं लोह 60 वरून 100 मिलीग्रॅमवर नेलं गेलं. गोळी पोहोचत नाही, पोहोचली तर घेतली जात नाही, आणि त्यावर उपाय म्हणून गोळी जड केली! जड गोळीने मळमळ आणि बद्धकोष्ठ वाढतं हे तेव्हाही माहीत होतं. 2005 मध्ये आशा, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या आणि गोळीला गावातलं एक माणूस लाभलं. 2013 च्या राष्ट्रीय आयर्न प्लस उपक्रमाने लहान मुलांपासून किशोरींपर्यंत सगळ्या वयांना एका धाग्यात ओवलं. 2018 च्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेने लोह पुन्हा 60 मिलीग्रॅमवर आणलं, मुदत 180 दिवसांची केली, वयाप्रमाणे गोळ्यांचे रंग ठरवले आणि वर्तनबदलाला कार्यक्रमात मानाचं पान दिलं.

या सगळ्या काळात अभ्यासकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी विचारला: फुकट मिळणारी, गुणकारी गोळी बाई का घेत नाही? ढोबळमानाने त्याच्या उत्तरांची चार घराणी सांगता येतील.

पहिलं घराणं गोळीकडे बोट दाखवतं. उग्र वास, तोंडात लोखंडाची चव, काळी शौच, पोटात ढवळणं. म्हणून साखरेचा मुलामा द्या, मात्रा कमी करा, लोहाचा क्षार वेगळा वापरा. हे घराणं चुकीचं नाही, पण अपुरं आहे. अमेरिकी अभ्यासक रे गॅलोवे आणि ज्युडिथ मॅग्वायर यांनी 1994 मध्ये एका गाजलेल्या लेखात थेट विचारलं की अडतं कुठे, पुरवठ्यात, दुष्परिणामांत की मनात? पुढे भारतासह आठ देशांतल्या बायकांशी बोलून गॅलोवे यांच्या गटाने मांडलं की साधारण एक तृतीयांश बायकांना त्रास जाणवला, पण त्रासामुळे गोळ्या सोडल्या त्या दहातल्या एकीनेच. 'मळमळतं म्हणून घेत नाहीत' हे सोपं उत्तर तिथेच ढासळलं.

दुसरं घराणं पुरवठ्याचं. गोळी उपकेंद्रात शिल्लक आहे का, नर्सबाईंचं पद भरलेलं आहे का, साठा संपल्यावर मागणी वर जाते का? हे रुक्ष वाटणारं काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्याला आपण बाईचा नकार समजतो तो कित्येकदा भांडारातला खडखडाट असतो. तीन खेपा रिकाम्या हाताने परतलेली बाई चौथ्यांदा येत नाही, आणि रजिस्टर तिला 'अनियमित' म्हणतं.

तिसरं घराणं समजुतींचं. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यखात्यातल्या मानसशास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं की क्षयरोगाची फुकट तपासणी असूनही लोक का येत नाहीत. त्यातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' जन्मलं: धोका किती वाटतो, फायदा किती वाटतो, अडथळे कोणते, यावर माणूस वागतो. मानववंशशास्त्रज्ञ आणखी आत शिरले. मार्क आणि मिमी निक्टर यांनी दक्षिण कन्नड भागात केलेलं, 1983 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आपल्याला फार जवळचं आहे. पोटात अन्नाला आणि बाळाला एकच जागा असते, म्हणून जास्त खाल्लं तर बाळाला जागा उरत नाही, अशी कल्पना त्यांना तिथे भेटली. आपल्याकडची "बाळ मोठं झालं तर अडतं", "गोळ्या उष्ण पडतात", "बाळ काळं होतं" ही वाक्यं त्याच कुळातली. त्यांना अंधश्रद्धा म्हणून झटकणं सोपं आहे. पण जिची स्वतःची उंची लहानपणच्या उपासमारीने खुंटलेली आहे, आणि सिझरच्या खर्चाला घरातली म्हैस विकावी लागेल हे जिला ठाऊक आहे, तिला मोठ्या बाळाची धास्ती वाटण्यात वेडेपणा कोणता?

चौथं घराणं घराकडे आणि सत्तेकडे पाहतं. कोण शेवटी जेवतं, पैसा कोणाच्या हातात, दवाखान्यात जायला कोणाला विचारावं लागतं, अंगणवाडी कोणत्या आळीत आहे आणि तिथे कोणी बसायचं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. बाईचं दुखणं तिच्या तोंडून बाहेर का पडत नाही, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला. जी आपलं दुखणं सांगत नाही ती आपली गोळी मागेल कशी? पाहण्यांच्या विश्लेषणांतही पुन्हा पुन्हा हेच दिसतं की शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, लवकर नाव नोंदवणाऱ्या आणि जास्त वेळा तपासणीला जाणाऱ्या बायकांच्या पोटात जास्त गोळ्या जातात. म्हणजे ज्यांना गोळीची गरज कमी, त्यांनाच ती जास्त लाभते.

या चारही घराण्यांचं थोडं थोडं खरं आहे. हे पुस्तक चौथ्याच्या अंगणात बसून बाकीच्या तिघांशी बोलतं.

महाराष्ट्रात हे कसं दिसतं त्याचे काही नमुने इथे देते, कारण सामाजिक घटक हा शब्द फार धुरकट आहे.

तीन महिने कोणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची पुष्कळ घरांत पाळली जाणारी रीत. दृष्ट लागू नये, आणि गर्भ टिकला नाही तर बोभाटा होऊ नये, म्हणून. त्यामुळे नोंदणी उशिरा होते, आणि फॉलिक ॲसिडची वेळ तर तिच्याही आधी निघून गेलेली असते. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला. पूर्वी ती नळी नीट न मिटलेलं बाळ झालेल्या आयांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे त्याने दाखवलं. आधीपासून, हा त्यातला कळीचा शब्द. पण नवी नवरी रोज गोळी खाताना दिसली तर आपल्या घरात काय वाटतं? एक तर हिला आधीपासून काही आजार असावा, नाहीतर ही पाळणा लांबवते आहे. दुसऱ्या शंकेला तर आधारही आहे. माला-डीच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्याच असतात.

मग माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरून लेक नेली जाते. सुंदर रीत आहे. थकलेल्या मुलीला तीन महिने हक्काची विश्रांती मिळते. पण 180 दिवसांची साखळी नेमकी मध्यावर तुटते. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, साठा तिथल्या आशाताईंकडे, कार्ड कधी सासरच्या कपाटात राहिलेलं. माहेरच्या ताईंच्या यादीत ती नाही. ओटीत तांदूळ, नारळ, खण असतो. त्या ओटीत कार्ड आणि उरलेल्या पट्ट्या घालणाऱ्या एका आशाताईंची युक्ती या पुस्तकात वाचायला मिळेल. मला ती कोणत्याही भित्तिपत्रकाहून मोलाची वाटते.

ऊसतोडीचं तर निराळंच विश्व. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर घेतलेली. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि एक दिवस चुकला की खाडा. दवाखान्याची फेरी म्हणजे खाडाच. गावी नोंदणी, राहायची कोपी शेकडो किलोमीटर दूर, आणि जिथे कारखाना तिथल्या उपकेंद्राला ही माणसं आपली वाटत नाहीत. गोळीने बद्धकोष्ठ झालं तर उघड्या माळावर, अंधार पडायची वाट पाहत, त्याचं करायचं काय, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नसतो. कोपीत तो रोजचा असतो.

शहरांतही चित्र फार वेगळं नाही. तिथे पालिकेच्या दवाखान्यातल्या लाल गोळ्या 'फुकटच्या' ठरतात आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या गुणकारी. ऐपत नसताना घेतलेल्या महागड्या गोळ्या महिनाभर चालतात, मग बंद पडतात. सरकारी पट्ट्या कपाटात पडून राहतात. शिवाय लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच घोटाला घेऊ नयेत, दोन्हींत अंतर ठेवावं, हे गर्दीच्या ओपीडीत अर्ध्या मिनिटात सांगितलं जातं. बाई ऐकते, मान हलवते आणि दोन्ही एकदम गिळते.

आणि सासूबाई. आरोग्यशिक्षणाच्या नाटकांत त्यांना खलनायिका करण्याची आपल्याला फार सवय. प्रत्यक्षात घरात आहळिवाचे लाडू, खारीक, डिंक यांचा विचार करणारीही तीच असते. तिच्या काळात तिला कोणी गोळी दिली नाही, विश्रांती दिली नाही, आणि तिने सहा बाळंतपणं काढली. तिचा "आम्हाला नव्हतं बाई असलं काही" हा टोमणा नीट ऐकला तर त्यात तक्रारही आहे. तिला विश्वासात घेतलं तिथे गोळी देव्हाऱ्यातल्या दिव्याइतकी नेमाने दिली गेली, आणि नवऱ्याला तपासणीच्या खोलीबाहेर न ठेवता आत बोलावलं तिथे तोही शिकला, असे अनुभव या पुस्तकात आहेत.

विषय आजच का महत्त्वाचा? एक तर गोळीपलीकडचे उपाय झपाट्याने येत आहेत. रेशनच्या तांदळात लोह मिसळलं गेलं. तीव्र रक्तक्षयाला शिरेतून लोह देण्याची सोय तालुक्यापर्यंत पोहोचते आहे. एका गोळीत अनेक सूक्ष्म पोषकं द्यावीत का, याची चर्चा जगभर चालू आहे. यातल्या प्रत्येकात एक मोह दडलेला आहे: बाईशी बोलावंच लागू नये. तिला न विचारता तिच्या भातात किंवा शिरेत लोह गेलं की काम झालं. काही ठिकाणी त्याची गरज आहे, हे मान्य. पण तिचं जेवण, झोप, काम आणि शब्द यांना धक्का न लावता फक्त हिमोग्लोबिन सुधारायचं, ही इच्छा किती भाबडी आहे ते मागच्या पन्नास वर्षांनी दाखवलं आहे.

दुसरं, सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो, हे आता ठळक होत चाललं आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, हिवताप आहे, जंत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासाने वेगळाच पेच उभा केला. तिथल्या बहुसंख्य गरोदर बायकांत फोलेट (फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) पुरेसं होतं, उणीव होती ती बी-12 ची. आईत बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, असं त्यांनी 2008 मध्ये मांडलं. यावरून कोणी गोळी सोडू नये. तसा अर्थ काढणं घातक ठरेल. पण ताटात दूध, ताक, अंडं, पालेभाजी नसेल तर एकटी गोळी किती ओझं वाहणार, हा प्रश्न त्यातून उरतोच.

तिसरं, मोजण्याचा वाद. बोटातून घेतलेलं रक्त की शिरेतून, यावर रक्तक्षयाचा आकडा बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी रक्तक्षयाची मर्यादा 11 वरून 10.5 केली. आकडे खालीवर होतील. पण आकडा बदलला म्हणून फडताळातला डबा बदलत नाही.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे ते सांगून थांबते. हे वैद्यकाचं पाठ्यपुस्तक नव्हे आणि योजनांचं मूल्यमापनही नव्हे. डॉक्टर, नर्स, आशा, अंगणवाडीताई, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि स्वतः गरोदरपण काढलेल्या बाया यांनी आपापल्या जागेवरून एकाच गोळीकडे पाहिलं आहे. त्यांची मतं सगळीकडे जुळत नाहीत आणि संपादकांनी ती जुळवण्याचा आग्रहही धरलेला नाही. डॉक्टर मात्रेबद्दल आग्रही आहेत, ताई मानधनाबद्दल आणि रोजच्या नोंदींच्या ओझ्याबद्दल बोलतात, आणि बाया बहुतेक वेळा गोळीबद्दल बोलायला बसतात आणि नवरा, पाणी, चूल, पाळी यांबद्दल बोलून उठतात. ते विषयांतर नाही. विषय तोच आहे.

पुस्तकाची एक मर्यादाही सांगायला हवी. इथल्या बऱ्याच बाया कार्यक्रमाच्या यादीत असलेल्या आहेत. ज्यांची नोंदच झाली नाही, वीटभट्टीवरच्या, पालावरच्या, पुलाखालच्या, त्यांच्यापर्यंत लेखक मोजक्याच ठिकाणी पोहोचले आहेत. पुढच्या कोणी तिथून सुरुवात करावी.

निराशेचा सूर मात्र या पानांत नाही. आदिवासी भागात 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईने एक वेळचं पूर्ण गरम जेवण अंगणवाडीतच बसून जेवायचं, अशी अट घातली गेली. घरी नेलं की ते सगळ्यांत वाटलं जातं, हे योजना आखणाऱ्यांनी ओळखलं होतं. तिथे काही ताईंनी जेवण आणि गोळी यांची गाठ घातली: ताट पुसून झालं की तिथेच गोळी, पाण्याच्या घोटाबरोबर. घरातल्या पंगतीत शेवटी बसणारी बाई दिवसातून एकदा तरी पहिल्या पंगतीला बसली. वळायला जागा म्हणतात ती अशी असते. ती करावी लागते.

सुरुवातीला सांगितलेल्या वस्तीवरच्या त्या आशाताई परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी इतकी वर्षं चुकीचंच विचारत होते बघा." त्या दिवसानंतर त्यांनी प्रश्नांचा क्रम बदलला. आधी "जेवलीस का?" आणि मग "गोळी घेतलीस का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंच्या देखत द्यायचं असायचं. काही घरांत त्या एका प्रश्नाने जेवणाची वेळ अलीकडे आली, काही घरांत नाही आली.

हे पुस्तक हातात घेणाऱ्या वाचकाकडे माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात, शेजारी, कामावर येणाऱ्या बाईच्या घरी कोणी गरोदर असेल, तर हे वाचून संपायची वाट पाहू नका. आज रात्री तिचं ताट आधी वाढायला सांगा. गोळीचं त्यानंतर विचारा.